तिसरा आग्रह

“छे छे, आमच्यासाठी तुम्ही कशाला एवढी तसदी घेता!” एवढं एकच वाक्य ऑस्टिन पॅडन जेवणाच्या टेबलावर बोलला, आणि त्याच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न समुद्रापलीकडे हॉलंडला गेलं.

तसं वाक्यात वाईट काहीच नव्हतं. व्याही हेंक हॉलंडहून चार दिवस राहायला आले होते. बटाटे संपवून, काटा-सुरी ताटात नीट सरळ ठेवून त्यांनी विचारलं, “लग्न तुमच्या गावात करायचं का?” ऑस्टिनच्या मनात तेच होतं. नोरीनच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या मनात तर मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून तेच होतं. पण आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पहिल्याच प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा माणूस एक तर हावरट असतो नाही तर परका. तिथे पहिलं ‘नाही’ म्हणजे नुसतं घसा साफ करणं. दुसरं ‘नाही’ म्हणजे होकाराची तयारी. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, “बरं, आता एवढं म्हणताच आहात तर...” कपभर चहासुद्धा तिकडे असाच पोटात जातो. फार काय, नोरीन ऑस्टिनच्या आयुष्यात आली तीही अशीच. नाचाच्या हॉलच्या पायऱ्यांवर त्याने तिला लग्नाचं विचारलं, तिने दोनदा ‘नाही’ म्हटलं, आणि तो जराही न घाबरता तिसऱ्यांदा विचारायला उभा राहिला. मग तिने सुस्कारा सोडला.

पण हेंक हॉलंडचे. तिथे प्रश्न एकदा विचारतात, उत्तर ऐकतात आणि त्याप्रमाणे कामाला लागतात. “ठीक आहे,” हेंक म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं. ऑस्टिन दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत बसला. पुडिंग आलं, चहा झाला, हेंक दात घासून झोपायला गेले, तरी प्रश्न काही आला नाही. सकाळी हॉलंडहून मुलीचा, ग्रोन्याचा, फोन आला की तिकडचा हॉल बघून झालाय, उद्या पक्का करतोय.

“अगं, पण इथे आपलं चर्च...” नोरीन म्हणाली.

“डॅडीच नको म्हणाले ना? मला वाटलं तुम्हाला एवढं झेपणार नाही,” ग्रोन्या म्हणाली. तिचा आवाजही काही फार आनंदी नव्हता, पण तीही त्याच गावची, त्यामुळे आपल्याला काय हवंय हे तिनेही सरळ सांगितलं नाही.

फोन ठेवून नोरीन नवऱ्याकडे वळली. गावातल्या प्रत्येक लग्नाला तिने फुलं रचली होती, प्रत्येक मयताला सँडविचेस केली होती. आता स्वतःच्या मुलीच्या वेळी तिने विमानात बसून परक्या गावी पाहुण्यासारखं जायचं? चर्चच्या बाहेर उभं राहून सगळ्यांना काय सांगायचं?

“उद्या सकाळी हेंक परत चाललेत,” ती म्हणाली. “आजच्या आज सांग त्यांना. सरळ तोंडाने सांग, लग्न इथे पाहिजे म्हणून.”

“सरळ?” ऑस्टिन दचकला. “असं सरळ कसं सांगायचं? काय म्हणतील ते? त्यांच्या तोंडून परत निघालं पाहिजे.”

“मग काढ त्यांच्या तोंडून. संध्याकाळच्या चहाच्या आत काढ. नाही तर चहा तुझा तू कर.”

बोलणाऱ्याची बोरंही विकतात म्हणतात, पण ऑस्टिन गावच्या शाळेचा उपमुख्याध्यापक होता. आयुष्यात त्याने कुठलीही गोष्ट नकाशा काढल्याशिवाय केली नव्हती. त्याने मनातल्या मनात नकाशा काढला. हेंकना आल्यापासून एकच ध्यास होता, गावाबाहेरचं राष्ट्रीय उद्यान बघायचं. तिथे मैलोन् मैल दलदल, आणि मध्ये एक उंचवटा. त्या उंचवट्यावरून गावच्या चर्चचा मनोरा दिसतो असं सगळे सांगत. तिथे नेऊन मनोरा दाखवायचा, एक सुस्कारा सोडायचा. बाकीचं मनोरा बघून घेईल.

नकाशात खोट एकच होती. ऑस्टिनला दलदलीची भयंकर भीती वाटायची. वर्गात त्याने दलदलीचे थर फळ्यावर रंगीत खडूंनी इतक्या वेळा काढले होते की डोळे मिटून काढता आले असते. पण त्याच्या बापाचं दुकान होतं. घरात चूल पेटवायला इतरांसारखी दलदलीतली माती कापून, वाळवून आणावी लागत नव्हती, तेलावर भागायचं. त्यामुळे त्या थरांवर त्याने स्वतःचं पाऊल कधी ठेवलं नव्हतं. आणि ही गोष्ट गावात कोणालाही माहीत नव्हती. कळली असती तर भूगोल शिकवायला तोंड राहिलं नसतं.

तो गाडी काढत होता तेवढ्यात शेजारचा बार्टली कुंपणाशी आला. बार्टलीच्या तीन पिढ्या दलदलीतली जळाऊ माती कापत आल्या होत्या, आणि सल्ला द्यायला त्याला कारण लागत नसे.

“उद्यानात चाललात मास्तर? वा! तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही शिकवता ते. पण हिरव्यागार ठिकाणी पाय ठेवू नका. लुसलुशीत दिसलं की समजा खाली तळ नाही. मागे आमचा एक खोंड गेला.”

“गेला म्हणजे?”

“गेला म्हणजे गेला. शिंगं दिसत होती थोडा वेळ.” बार्टलीने टोपी सारखी केली. “खिशात भाकरीचा तुकडा ठेवा. तिथे एक गवत आहे, त्यावर पाय पडला की माणूस भुकेने कोसळतो. आणि वाट चुकली तर कोट उलटा करून घाला. चकवा सुटतो. आणि रुतलात तर हलू नका.”

“मग काय करायचं?”

“आडवं व्हायचं.”

“न हलता आडवं कसं व्हायचं?”

यावर बार्टलीने थोडा विचार केला. “हं,” तो म्हणाला. “खोंडालाही तेच जमलं नाही.”

ऑस्टिनच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात नोरीन हेंकना घेऊन बाहेर आली आणि तिने दोघा व्याह्यांच्या अंगावर बाटलीतलं चर्चचं तीर्थ शिंपडलं. हेंकनी शांतपणे चष्मा पुसला.

उद्यानाच्या कचेरीत एक बाई एकटीच बसली होती. तिच्या मागच्या भिंतीवर मोठं चित्र होतं. दलदलीत सापडलेला माणूस. दोन हजार वर्षं आत होता, तरी दाढीचे खुंट शाबूत. ऑस्टिनने चित्राकडे पाठ केली.

“फळ्यांची वाट दुरुस्तीला काढलीय,” बाई म्हणाली. “दुसरी वाट आहे, पण ती आज चालू आहे की बंद ते रक्षकच सांगू शकतो.”

“रक्षक कुठे आहे?”

“मयताला गेलाय. टूलींच्या मावशीच्या. सगळेच गेलेत.”

“मग आम्ही जायचं की नाही?”

“जा असं मी सांगू शकत नाही,” बाई म्हणाली. “जाऊ नका असंही मी सांगू शकत नाही. तुम्हाला तर सगळं माहीतच असेल मास्तर.”

एवढ्या आशेने ऑस्टिनने कधी कुठल्या सरकारी माणसाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. ‘बंद आहे’ हे दोन शब्द बोलली असती तरी त्याने तिचे उपकार जन्मभर मानले असते. पण हेंकनी बाहेरचा फलक वाचला होता. “वाट बंद असल्यास जाऊ नये, असं लिहिलंय,” ते म्हणाले. “बंद आहे असं लिहिलेलं नाही. चला.”

पहिल्या शंभरेक पावलांतच ऑस्टिनची पाचावर धारण बसली. जमीन हलत होती. खरोखर हलत होती. हेंकनी पाऊल टाकलं की ऑस्टिनच्या पायाखाली ती वर यायची, जुन्या गादीसारखी. वर्गात हे त्याने कधी शिकवलं नव्हतं. हेंक मात्र मुद्दाम थांबून उड्या मारून बघत होते.

“अप्रतिम!” ते म्हणाले. “आमच्या आजोबा-पणजोबांनी आमची सगळी दलदल खणून चुलीत घातली. आता आमच्याकडे नुसते गवताचे चौकोन आहेत. तुम्ही भाग्यवान. इथे रोज येत असाल ना तुम्ही?”

“रोज असं नाही,” ऑस्टिन म्हणाला, आणि हेंकच्या बुटाच्या ठशात आपला बूट मोजून ठेवला.

उंचवट्यावर पोचेपर्यंत धुकं उतरलं. मनोरा सोडा, स्वतःची गाडी कुठल्या दिशेला आहे हेही कळेना. तरी ऑस्टिनने धुक्याकडे बोट केलं.

“तिकडे आमचं चर्च आहे.”

“मला काही दिसत नाही.”

“धुकं नसतं तर दिसलं असतं. फार देखणं आहे. माझं नि नोरीनचं लग्न तिथेच झालं.”

“छान.”

“अख्खं गाव मावतं आत.” ऑस्टिनने सुस्कारा सोडला. “फुलं नोरीनच रचते.”

“छान,” हेंक म्हणाले. “आमच्या हॉलला गाड्या लावायला भरपूर जागा आहे.”

ऑस्टिनने आणखी एक सुस्कारा सोडला, मघापेक्षा मोठा. हेंकनी काळजीने विचारलं की त्याला दम्याचा त्रास आहे का. मग त्यांना पुढे किडे खाणारं एक इवलंसं लाल झाड दिसलं आणि ते तिकडे धावले. ऑस्टिन त्यांच्या ठशांवरून निघाला, पण मनात चर्च होतं, नोरीन होती, तिने न केलेला संध्याकाळचा चहा होता. ठसा चुकला. पाय पडला तो अगदी हिरव्यागार, लुसलुशीत जागी.

आवाज फारसा झाला नाही. गुडघे आत गेले. पाय उपसायला बघितलं तर मांड्या आत गेल्या.

धुक्यातून हेंक वळून बघत होते. “ऑस्टिन, तुम्ही रुतलात का? मदत हवी आहे का?”

आता ऑस्टिनचा दोष म्हणाल तर जिभेचा. डोकं ‘वाचवा’ म्हणत होतं, पाय ‘वाचवा’ म्हणत होते, पण जीभ त्या गावची होती. “छे छे, काही नाही!” ती म्हणाली. “तुम्ही व्हा पुढे, माझ्यासाठी कशाला थांबता!”

“ठीक आहे. मी तळ्याजवळ आहे,” हेंक म्हणाले आणि धुक्यात दिसेनासे झाले.

ऑस्टिन हसत उभा राहिला. हेंक दुसऱ्यांदा विचारतील तेव्हा कसं नाही म्हणायचं हे त्याने ठरवूनही ठेवलं होतं. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की हसू बघायला कोणी उरलेलं नाही.

मग भीती आली, आणि ती मघाच्यासारखी नव्हती. मघाची भीती चारचौघांत लपवता येण्याजोगी होती. ही लपवायची तर चारचौघंच नव्हते. आजूबाजूला आवाज नाही. पाणी थंड, काळं, पँटच्या आत हळूहळू वर चढत होतं. दलदल वस्तू कुजू देत नाही, लोणच्यासारखी मुरवून ठेवते, हे त्याने पोरांना किती कौतुकाने शिकवलं होतं! दोन हजार वर्षांनी कोणी तरी आपल्याला उकरून काढणार, टायसकट. काचेच्या पेटीत ठेवणार. पोरं रांगेने येऊन बघणार, आणि एखादा मास्तर छडी रोखून सांगणार, “खिशात भाकरीचा तुकडा सापडला, बहुधा अंधश्रद्धाळू असावा.”

खिशात फोन होता. त्याने बार्टलीला लावला. जिवात जीव आला.

“बोला मास्तर! कसं काय?”

“मजेत,” ऑस्टिन म्हणाला. “तू कसा आहेस?”

“आमचं काय, चाललंय. तिकडे हवा कशी?”

“जरा ओल आहे.”

“असणारच. टूलींच्या मावशीचं कळलं ना? तिकडेच निघालो होतो. चांगली बाई. कानाने अधू होती, पण चांगली.”

“हो, फार चांगली.” पाणी पट्ट्याला लागलं. “बार्टली, मी जरा दलदलीत आहे.”

“उद्यानात ना? माहीत आहे की.”

“तसं नाही. आत आहे. कमरेपर्यंत.”

“अरे देवा! ट्रॅक्टर घेऊन येऊ का?”

ऑस्टिनने दात घट्ट आवळले. दातांमधूनच वाक्य निसटलं. “नको रे, तू मयताला निघालास, तुझी कशाला खोटी करायची.”

“त्यात काय एवढं? ट्रॅक्टर दारातच उभा आहे. येतो ना?”

“नको नको, उगाच डिझेल जाळायचं...”

झाली. दोन्ही ‘नाही’ झाली. आता फक्त तिसरा प्रश्न. पलीकडे बार्टलीने श्वास घेतल्याचं ऑस्टिनने ऐकलं. त्यानेही श्वास घेतला. ‘बरं बाबा, आता एवढं म्हणतोच आहेस तर’ हे शब्द त्याने तोंडात तयार धरले. आणि फोनचा दिवा विझला. चार्जिंग संपलं होतं.

यानंतर ऑस्टिनने जे केलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही. भूगोलाच्या शिक्षकाने कोट उलटा करून घालायचा प्रयत्न केला. कमरेपर्यंत चिखलात उभं राहून ते जमत नाही. एक हात बाहीत उलटा अडकला आणि कोट डोक्यावर गेला. त्या अंधारात त्याला रडू आलं. मरणाचं भय होतंच, पण त्याहून वाईट हे वाटलं की ग्रोन्याला शेवटपर्यंत वाटत राहणार, बापाला आपलं लग्न दारात नको होतं. जी एकुलती एक गोष्ट त्याला मनापासून हवी होती, तीच त्याने ‘छे छे’ म्हणून घालवली होती. लोक काय म्हणतील! इथे लोक होते कुठे? एक मेंढी होती. कोटातून डोकं बाहेर निघालं तेव्हा ती चघळत त्याच्याकडे बघत उभी होती.

मेंढीच्या मागून धुक्यातून हेंक आले. त्याच्याकडे, उलट्या कोटाकडे आणि एका वर राहिलेल्या हाताकडे त्यांनी नीट बघून घेतलं.

“ही इथली काही प्रथा आहे का?” त्यांनी विचारलं.

ऑस्टिन अडकलेला हात बाहीतून ओढायला लागला. दात वाजत होते.

“ऑस्टिन,” हेंक म्हणाले, “तुम्हाला मदत हवी आहे का?”

‘छे छे’ आलं. पोटातून निघालं, घशात आलं, ओठांशी येऊन टेकलं. पाणी बरगड्यांना लागलं होतं. हा माणूस आता पुन्हा विचारणार नाही, ‘ठीक आहे’ म्हणेल आणि गाडीकडे चालायला लागेल.

“हो!” ऑस्टिन ओरडला. मेंढी पळाली. “हो! मदत हवी! आत्ता हवी! मला बाहेर काढा! आणि लग्न इथेच हवं, आमच्या चर्चमध्ये हवं! आणि कालचा तो सफरचंदाच्या पायचा शेवटचा तुकडा, तोही मलाच हवा होता!”

हेंक क्षणभर तोंड उघडं टाकून बघत राहिले. मग मागे धावले, दुरुस्तीला काढलेल्या वाटेची एक लांब फळी ओढत आणली आणि चिखलावर टाकून तिच्यावर पालथे झाले. हॉलंडचा, आयुष्यभर पाण्याशी झगडलेला माणूस तो. काय धरायचं, किती ओढायचं, सगळं त्यांनी सांगितलं. ऑस्टिन इंच इंच बाहेर आला. गमबूट आतच राहिले. दोन हजार वर्षांनी ते काचेच्या पेटीत ठेवायला हरकत नाही.

दोघं फळीवर धापा टाकत पडले.

“मी मघाशी विचारलं होतं,” हेंक म्हणाले. “तुम्ही नाही म्हणालात.”

“आमच्याकडे तीनदा विचारतात.”

“तीनदा? का?”

ऑस्टिनने विचार केला. “पहिल्यांदा विचारणारा नुसता रीत म्हणून विचारत असेल. दुसऱ्यांदा भीड म्हणून. तिसऱ्यांदा विचारलं म्हणजे त्याला खरंच द्यायचंय.”

हेंकनी दाढीतला थोडा चिखल झटकला. “आम्हाला लग्न इथेच हवं होतं,” ते हळूच म्हणाले. “माझ्या बायकोने इथल्या लग्नात घालायला टोपीसुद्धा घेतलीय. तुम्ही नाही म्हणालात हे फोनवर कळलं तेव्हा तिला फार वाईट वाटलं. तिला वाटलं, आमची माणसं तुम्हाला नको आहेत.” ते उठून बसले. “पण मुलीची आई नोरीन आहेत. त्यांना विचारल्याशिवाय मी काही कळवणार नाही.”

ते वाटेवर आले तेव्हा समोरून ट्रॅक्टर येत होता, आणि ट्रॅक्टरमागे मयतातली निम्मी माणसं काळ्या कपड्यांत चालत होती.

“गाडी फाटकाशी दिसली,” बार्टली वरून ओरडला. “दोनदा नको म्हणालात मास्तर, तेव्हाच ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.”

घरी आल्यावर ऑस्टिनला शेगडीपाशी घोंगडीत गुंडाळून बसवलं. बार्टलीने विचारलं, “मास्तर, चहात थोडी व्हिस्की घालू का?”

“हो,” ऑस्टिन म्हणाला.

बार्टलीने बाटली खाली ठेवली. “डॉक्टरला बोलावू या का?” बार्टलीने नोरीनला हळूच विचारलं.

मग हेंक उठले. त्यांच्या दाढीत अजून चिखल होता. ते नोरीनसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सरळ विचारलं, “नोरीन, लग्न तुमच्या चर्चमध्ये करायचं का?”

नोरीनचा चेहरा उजळला. डोळे भरून आले. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, “छे छे, एवढ्या सगळ्यांनी समुद्र ओलांडून यायचं म्हणजे तुम्हाला केवढा त्रास!”

ऑस्टिनच्या कपातला चहा घोंगडीवर सांडला. कमरेपर्यंत रुतला होता तेव्हासुद्धा त्याच्या काळजाचा असा ठोका चुकला नव्हता. नोरीनलाही आपण काय बोललो ते कळलं होतं. ती पांढरी पडली, पण निघालेला शब्द तिला मागे घेता येईना. हेंकनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला. एक काच पुसली, मग दुसरी. ‘ठीक आहे’ आता येणार, आत्ता येणार, म्हणून ऑस्टिनने डोळे मिटून घेतले.

“त्रास नाही,” हेंक म्हणाले. “लग्न तुमच्या चर्चमध्ये करू या का?”

“पण तुमचा तो हॉल...” नोरीनची जीभ काही थांबेना. “नको हो, आमच्यापायी तुमचं ठरलेलं कशाला मोडायचं...”

हेंकनी चष्मा डोळ्यांवर चढवला. शेगडीपाशी बसलेल्या व्याह्याकडे एकदा बघितलं. मग ते चिखलाने भरलेल्या पायांनी आणखी एक पाऊल पुढे आले.

“नोरीन,” ते म्हणाले, “आम्हाला तुमच्याकडे यायचंय. लग्न इथे करू या?”

नोरीनने सुस्कारा सोडला. अगदी तसाच, जसा फार वर्षांपूर्वी नाचाच्या हॉलच्या पायऱ्यांवर सोडला होता.

“बरं,” ती म्हणाली, “आता एवढं म्हणताच आहात तर...” आणि घोंगडीत हात घालून तिने ऑस्टिनचा चिखलाचा हात घट्ट धरला.